ऑपरेशनआधीचा अर्धा तास: मिरजेतल्या एका रुग्णालयाचा अनुभव

मुलाच्या ऑपरेशनसाठी रुग्णालय ठरवताना सर्जन कोण, खर्च किती, मेडिक्लेम चालतो का, एवढं आपण विचारतो. मूल वॉर्डातून थेटरमध्ये कसं नेणार, ते रडलं तर काय करणार, आईच्या कडेवरून ते कोण आणि कधी घेणार, हे विचारायचं राहून जातं. मी मुद्दाम तेवढ्याबद्दलच लिहितेय. आमच्या धाकट्याचं उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन मिरजेतल्या या रुग्णालयात झालं. सर्जन उत्तम, जखम व्यवस्थित भरली. पण मी चार लोकांना हे ठिकाण सुचवते ते ऑपरेशनच्या आधी मुलाला शांत करण्याच्या यांच्या पद्धतीसाठी.

माझं इचलकरंजीत औषधांचं दुकान आहे, बी. फार्म. झालेय. मिडाझोलम, ट्रायक्लोफॉस ही मुलांना शांत करायच्या, झोपवायच्या औषधांची नावं मला नवी नाहीत. मिडाझोलम शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीतलं, त्याची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्या नावानिशी लिहून ठेवावी लागते. तरीही हे औषध स्वतःच्या पोराला द्यायची वेळ आली तेव्हा मी कुठल्याही आईइतकीच घाबरले होते.

घाबरायला कारण होतं. थोरलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन ती पाच वर्षांची असताना दुसऱ्या एका शहरात झालं. तिथे आदल्या दिवशी सही घेतली, सकाळी एक मामा स्ट्रेचर घेऊन आले आणि "द्या इकडं" म्हणून तिला उचललं. पोरीनं माझ्या ओढणीचा कोपरा मुठीत धरला होता. तो सोडवायला सिस्टरनं तिचं एकेक बोट उघडलं. दार बंद झाल्यावरही तिचा आवाज येत होता, आणि बाकावर बसलेले बाकीचे आईबाप आपापल्या मुलांना घट्ट धरून माझ्याकडे बघत होते. घरी आल्यावर ती रात्री दचकून उठायची, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, हिरवा कपडा घातलेलं कुणी दिसलं की माझ्या मागे लपायची. पुढे कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले, तर ही तोंडाजवळ कापड येऊ देईना. आम्हाला वाटलं पोर हट्टी आहे. ऑपरेशनच्या आधी खूप घाबरलेल्या लहान मुलांमध्ये अशी वाईट स्वप्नं, चिकटून राहणं, अंथरुणात शू होणं दिसतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रुग्णालयावर अन्याय नको म्हणून एक गोष्ट लिहायला हवी. टॉन्सिल फार मोठे असतील, मूल रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर झोपेचं औषध फार जपून देतात, काही वेळा देतच नाहीत. आमची थोरली घोरायची. कदाचित कारण तेच असेल. माझं म्हणणं इतकंच की कारण होतं तर दोन वाक्यांत सांगायचं. आणि औषध द्यायचं नव्हतं तरी आईला दारापर्यंत येऊ द्यायला, पोरीच्या हातात तिची बाहुली ठेवायला कुणाची हरकत होती?

म्हणून धाकट्याचा हर्निया निघाला तेव्हा मी सर्जनना पहिला प्रश्न भुलेचा विचारला. हे ऑपरेशन तसं छोटं. पोटातून खाली अंडकोशाकडे जाणारी एक पिशवी जन्माच्या सुमारास आपोआप बंद व्हायची असते, ती उघडी राहिली की आतडं त्यात उतरतं. मुलग्यांत हे जास्त, त्यातही उजव्या बाजूला जास्त. सर्जन म्हणाले, "माझं काम थोड्या वेळाचं आहे. बाकीचं सगळं भुलेच्या मॅडमना भेटून विचारा, त्या वेळ देतात."

त्यांनी खरंच वेळ दिला. भूलतज्ज्ञांना आधी भेटणं इथे सक्तीचं आहे आणि ती भेट सही घेण्यापुरती नसते. वजन, दमा, घोरणं, हलणारा दात, घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय का, गेल्या महिन्यात सर्दी-खोकला झालाय का, सगळं विचारलं. मग माझ्याकडचं लक्ष काढून त्या धाकट्याकडे वळल्या. कुणाजवळ झोपतो, काय खेळतो, काय आवडतं. त्याच्या हातात पिवळा जेसीबी होता. मॅडमनी त्याच्या फावड्यात टेबलावरच्या टाचण्या भरायला सांगितल्या आणि तो उचलताना निमूटपणे छाती तपासून घेतली. जाताना त्याला एक स्वच्छ पारदर्शक मास्क खेळायला दिला. घरी थोरली तो मास्क बघून आधी बाजूला झाली. मग भाऊ त्यात तोंड घालून "घर्र घर्र" करतोय म्हटल्यावर तिनंही एकदा तोंडाला लावून बघितला. एवढ्या वर्षांनी. मी काही बोलले नाही, स्वयंपाक करत राहिले.

पहिली तारीख रद्द झाली, तीही मॅडमनीच केली. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात पोराला ताप येऊन नाक गळायला लागलं. आमच्या सासूबाईंचं म्हणणं, "पोरांची नाकं गळतातच, पोराच्या बापानं सायझिंगच्या कारखान्यातून रजा काढलीय, उरकून घ्या." मी फोन केला तर मॅडमनी एका वाक्यात पुढे ढकललं. सर्दीनंतर काही आठवडे लहान मुलाची श्वासनलिका चिडकी असते, भुलेत ती आवळून येण्याचा धोका वाढतो. त्याच वेळी सावधगिरीही सांगितली: थांबण्याच्या काळात फुगवटा कडक झाला, दाबून आत जाईना, पोर रडायचं थांबेना, उलट्या झाल्या, तर तारखेची वाट न बघता रात्री-अपरात्री घेऊन या. जे रुग्णालय हातात आलेली केस मुलाच्या भल्यासाठी पुढे ढकलतं, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दुसऱ्या भेटीत मी औषधांचं विचारलं. माझं दुकान आहे हे कळल्यावर त्यांनी मोकळेपणानं सगळे पर्याय सांगितले. त्या सर्वात जास्त वापरतात ते मिडाझोलम, तोंडातून. वीस-तीस मिनिटांत असर दिसतो, मूल झोपत नाही पण भीती उतरते, आणि त्यानंतरचं बरंचसं त्याला आठवत नाही. तेच नाकातून दिलं तर लवकर लागू पडतं, पण झोंबतं आणि मूल चिडतं. डेक्समेडेटोमिडीन नावाचं दुसरं औषध नाकातून देता येतं, ते झोंबत नाही आणि येणारी झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून ऑपरेशनची यादी वेळेवर चालली तरच सोयीचं. काहीच तोंडात घेत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही अशा मुलासाठी केटामिन नावाचं भुलेचं औषध हाताशी असतं. ट्रायक्लोफॉसचं सिरप माझ्याकडे मेंदूच्या ईईजी तपासणीच्या आधी द्यायला म्हणून चिठ्ठीवर येतं, ते मी विचारलं. मॅडम म्हणाल्या तपासणीसाठी ठीक, थेटरला जाणाऱ्या मुलासाठी त्या वापरत नाहीत, कारण किती वेळात लागेल आणि किती वेळ राहील याचा भरवसा त्यांना वाटत नाही.

मिडाझोलमची उलटी बाजूही त्यांनी मी न विचारता सांगितली. काही मुलं शांत होण्याऐवजी बिथरतात, जास्त रडतात, हातपाय झाडतात. तोल जातो, त्यामुळे औषध दिल्यावर मूल जमिनीवर उभं करायचं नाही. श्वास मंदावू शकतो, म्हणून नजरेआड करायचं नाही. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल ट्रेमध्ये असतं.

आणखी एक धास्ती मनात होती. लहान वयात भूल दिल्यानं मेंदूवर परिणाम होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेलं असतं. मॅडमनी ते झटकून टाकलं नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१६ मध्ये खरोखरच इशारा दिलाय: तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा लांब किंवा वारंवार भूल द्यायची असेल तर विचार करा. आणि एकदाच, थोड्या वेळाची भूल? त्यावर सात देशांत सातशेहून अधिक तान्ह्या बाळांचा अभ्यास झालाय आणि त्यांतलं प्रत्येक बाळ हर्नियाच्याच ऑपरेशनचं होतं. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना जागेपणी कमरेखालची. पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला तर फरक निघाला नाही. तो निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आमचा तर चार पूर्ण झालेला. इतकं नेमकं उत्तर मला कुठल्याही डॉक्टरकडून आधी मिळालं नव्हतं.

आता उपाशी ठेवण्याबद्दल, कारण इथे या रुग्णालयाची एक गोष्ट खटकली. रिसेप्शनवरून फोन आला: "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही." मॅडमनी मात्र कागदावर लिहून दिलं होतं: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला चार तास, आणि पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस असं पारदर्शक पेय दोन तास आधीपर्यंत चालेल. युरोपातल्या मुलांच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी तर २०१८ पासून पारदर्शक पेयाची ही वेळ एका तासावर आणलीय. आमचा नंबर सकाळी साडेनऊचा होता. मी सातला त्याला उठवून पेलाभर साखरपाणी दिलं. शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आई फोनवरचं ऐकून आली होती, ते बाळ रात्रीपासून कोरडं होतं, आणि त्याचं ते किरकिरणं भुकेचं होतं, भीतीचं नव्हतं. तहानलेल्या मुलाला कुठलंच औषध नीट शांत करत नाही. डॉक्टर एक सांगतात आणि फोनवरचा माणूस दुसरं, हे इतक्या चांगल्या ठिकाणी शोभत नाही.

सकाळी वॉर्डात गेल्यावर पहिलं काम झालं ते मलमाचं. दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला लिडोकेन-प्रिलोकेनचं पांढरं मलम जाडसर लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवली. तासाभरात तिथली कातडी बधिर होते. यांचा बेत आधी गॅसनं झोपवून मगच सलाईनची सुई लावायचा होता. मलम कशाला, असं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "मास्क नकोच म्हणाला तर? मग जागेपणी सुई लावावी लागेल, तेव्हा दुखायला नको." दोन्हीकडची तयारी. दुकानात हे मलम वर्षाला दोन-चार ट्यूब विकलं जातं. एवढं साधं औषध इतक्या कमी ठिकाणी लिहून देतात याचं मला वाईट वाटतं.

औषध देण्याची वेळ हा यांच्या कामातला मला सर्वात आवडलेला भाग. आमच्या आधीची केस लांबली. दुसरीकडे ठरलेल्या वेळेला औषध पाजून मोकळे झाले असते आणि थेटर रिकामं होईपर्यंत असर उतरायला लागला असता. इथे थेटरमधून "आता द्या" असा फोन आल्याशिवाय सिस्टरनी अँप्यूल फोडली नाही. मग माझ्यासमोर हिशेब मांडला: वजन १४ किलो, किलोला अर्धा मिलीग्रॅम, एकूण ७ मिलीग्रॅम. दुसऱ्या सिस्टरनं केसपेपर घेऊन तोच आकडा मोठ्यानं वाचला, मगच औषध सिरिंजमध्ये घेतलं. सुई काढून टाकलेली. इंजेक्शनचंच औषध, संत्र्याच्या गोड पाकात मिसळून तोंडातून द्यायचं. मिडाझोलम भयंकर कडू असतं. नुसतं पाक घातल्यानं ते लपत नाही, म्हणून सिस्टरनी सिरिंजचं टोक जिभेवर न ठेवता गालाच्या आत सरकवलं आणि थोडं थोडं सोडलं. पोरानं तोंड वाकडं केलं, "कडू हाय" म्हणाला, पण थुंकलं नाही. वर घोटभर पाणी.

त्यानंतर तो माझ्या मांडीवर आणि आम्ही दोघं खाटेवर, दांड्या वर केलेल्या. पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा ऑक्सिमीटर, शेजारी ऑक्सिजन, तोंडातली लाळ ओढून घ्यायचं सक्शन आणि गरज पडली तर श्वास द्यायचा फुगा. सिस्टर स्टूल ओढून तिथेच बसल्या. मोबाइल नाही, दुसरा पेशंट नाही. आकडा ९८-९९ वर होता आणि त्यांची नजर आकड्यापेक्षा पोराच्या छातीवर जास्त होती.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही. तो जेसीबीचं मागचं चाक अंगठ्यानं फिरवत होता. मग ते चाक हळू फिरायला लागलं. मध्येच थांबायचं, अंगठा तसाच टेकलेला, मग आठवल्यासारखं पुन्हा अर्धा वेढा. पंख्याकडे बघून हसला. "आई, पंखा दोन झाले" म्हणाला, शब्द जड येत होते. डोळे मिटले नव्हते, पण पापण्या निम्म्यावर आल्या होत्या. मान माझ्या दंडावर टाकली. मामा स्ट्रेचर घेऊन आले तेव्हा त्यानं त्यांच्याकडे बघितलं, आणि ज्या पोराला न्हाव्याच्या खुर्चीत बसवायला घरातली तिघं लागतात, तो काही न बोलता त्यांच्याकडे गेला. जेसीबी काढून घेतला नाही. मामाच म्हणाले, "गाडी घेऊन चल, मालक."

मला आत येऊ दिलं. सगळ्यांनाच देतात असं नाही. तान्ह्या बाळाच्या वेळी किंवा तातडीच्या केसमध्ये नाही, आणि आई स्वतःच फार घाबरलेली दिसली तर मॅडम नाही म्हणतात. मला हे पटतं. अनेकांना वाटतं आई आत गेली की औषधाची गरज नाही. नंतर मी यावर वाचलं. येल विद्यापीठातल्या झीव्ह केन यांच्या गटानं १९९८ मध्ये हीच तुलना केली होती: काही मुलांना मिडाझोलम, काहींसोबत आईबाप, काहींना दोन्ही नाही. औषध मिळालेली मुलं सर्वात कमी घाबरली आणि गंमत म्हणजे त्यांचे आईबापही. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या अभ्यासात, औषध मिळालेल्या मुलांचं घरी गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यातलं वागणंही कमी बिघडलेलं दिसलं. थोरलीच्या त्या रात्री आठवून मी ते पान दोनदा वाचलं.

आत थंडी होती, गाऊन-टोपी घालून मी त्याचा हात धरून उभी. मास्कच्या आत मॅडमनी बोटानं स्ट्रॉबेरीचा इसेन्स लावला. सेव्होफ्लुरेन गॅसला उग्र वास नसतो, म्हणूनच मुलांसाठी तो वापरतात, तरी ओळखीचा वास असला की बरं. "जेसीबी चालू कर बघू, घर्र घर्र," त्या म्हणाल्या. त्यानं दोन श्वास घेतले असतील. मॅडमनी आधीच बजावलं होतं की झोपताना डोळे फिरतील, घोरल्यासारखा आवाज येईल, एखादा पाय उडेल, घाबरायचं नाही. तसंच झालं. सांगितलेलं नसतं तर मी किंचाळले असते. "पापा घ्या आणि मावशींबरोबर बाहेर जा," म्हणाल्या. मावशींनी माझा दंड धरून मला बाहेर आणून बसवलं, न मागता पाणी दिलं.

जाग येण्याबद्दलही आधी सांगितलेलं होतं आणि तेही तसंच घडलं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत या गॅसनंतर उठताना एक प्रकारचा गोंधळ होतो. मूल रडतं, हात झटकतं, आईकडे बघतं पण आईला ओळखत नाही. आमचा उठला तो ओरडतच. "आई पाहिजे" म्हणत मलाच ढकलत होता. सिस्टर म्हणाल्या, दुखत नाहीये त्याला. कमरेच्या खाली माकडहाडाजवळून बधिर करण्याचं इंजेक्शन झोपेतच दिलंय, ते काही तास टिकतं. नुसतं धरून ठेवा, समजावत बसू नका. पंधरा-वीस मिनिटांत तो माझ्या छातीवर डोकं ठेवून पुन्हा झोपला आणि त्यानंतर उठला तो नेहमीचा पोरगा म्हणून. पाय अजून लुळे होते, म्हणून खाली उतरू दिलं नाही. पाणी प्यायला, उलटी झाली नाही, शू झाली, मग संध्याकाळी घरी.

त्याला काय आठवतं? संत्र्याचं कडू औषध आठवतं. मामांची "मालक" हाक आठवते. मास्क, थेटर, ओरडत उठणं, काहीच नाही. टाके बघायला परत नेलं तेव्हा तो त्याच वॉर्डात पळत गेला आणि सिस्टरना जेसीबीचं तुटलेलं फावडं दाखवलं. रात्री दचकणं नाही, अंथरूण कोरडं.

तक्रारीही लिहिते, कारण त्या सुधारण्यासारख्या आहेत. फोनवरच्या उपाशी ठेवण्याच्या सूचनेचं वर आलंच. ऑपरेशननंतर ठेवतात त्या रिकव्हरीच्या खोलीत मोठ्यांच्या आणि मुलांच्या खाटांमध्ये फक्त एक पडदा आहे. पलीकडे कुणाचे तरी नातेवाईक मोबाइलवर मोठ्यानं बोलत होते आणि गोंधळलेल्या मुलाला नेमकी अंधाराची आणि शांततेची गरज असते. डिस्चार्जचा कागद पूर्ण इंग्रजीत. मी वाचला, पण शेजारच्या बाळाची आई जयसिंगपूरकडून आलेली, तिला मी बसून मराठीत लिहून दिलं: आज दिवसभर मूल पेंगेल, जिन्यावर एकटं सोडू नको, सायकल नको, झोपेत ओठ निळे दिसले किंवा हाक मारून उठेना तर लगेच आण. मिरजेत अर्ध्या महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून पेशंट येतात. हा कागद मराठी आणि कानडीत हवाच. पार्किंगबद्दल न बोललेलं बरं.

पैशांचं: भूलतज्ज्ञांची फी पॅकेजमध्ये धरलेली होती, शांत करण्याच्या औषधाचा वेगळा आकार नाही. खरं तर ते औषध महाग नाहीच, मिडाझोलमची ५ मिलीची बाटली शंभर रुपयांच्या आत मिळते. महाग आहे तो सिस्टरचा वेळ, खाटेशेजारी बसून राहण्याचा. जिथे एका सिस्टरकडे वीस खाटा असतात तिथे हे औषध न देणंच सुरक्षित, आणि अशी रुग्णालयं ते देत नाहीत याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. म्हणून फक्त "तुम्ही झोपेचं औषध देता का" एवढं विचारून भागत नाही. औषध दिल्यावर मुलाजवळ कोण बसतं, बोटाला मशीन लावता का, ऑक्सिजन खाटेपाशी असतो का, हे विचारा. उत्तर देताना समोरचा वैतागला तर तेही उत्तरच समजा.

आणि दुकानदार म्हणून हात जोडून एक विनंती. दिवाळी-मे महिन्यात माझ्याकडे लोक येतात, "पुण्याला ट्रॅव्हल्सनं जायचंय, पोर झोपेल असं एखादं सिरप द्या." काही जण ऑपरेशनच्या दिवशी घरूनच पाजून न्यावं म्हणून मागतात. मी देत नाही, कुणीही देऊ नये. वर जे लिहिलंय ते सगळं वजन करून, रिकाम्या पोटी, ऑक्सिजन शेजारी ठेवून, श्वास थांबला तर नळी घालता येणाऱ्या डॉक्टरच्या देखरेखीत झालं. तेच औषध, किंवा त्याच्यासारखं दिसणारं सर्दीचं गुंगी आणणारं सिरप, अंदाजे चमच्यानं घरी दिलं तर मूल झोपेत गुदमरू शकतं. घरून काही पाजलं असेल तर भुलेच्या डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय मुलाला आत पाठवू नका.

भुलेच्या मॅडमची ओपीडी दुपारी असते, आधी फोन करून जा. मुलाचं आवडतं खेळणं बरोबर न्या, धुऊन न्या, ते आतपर्यंत जाऊ देतात. पाचपैकी चार तारे देतेय. रिसेप्शनवरच्या फोनवाल्यांनी "रात्री बारा" म्हणायचं सोडून मॅडमचा कागद वाचून दाखवायला सुरुवात केली की पाचवाही देईन.